चुन्याची तीन बोटं

धोंडू राऊळचं नाक आमच्या भटवाडीत उसनं मिळायचं. विरजण मागावं तसं. कोळीण पाटी उचलून पुढे गेली की चाळीतल्या बायका बांगडा नाहीतर सरंगा ताटलीत घेऊन त्याच्या दाराशी जायच्या. तो जेवत असला तरी मान पुढे करायचा, एकदाच हुंगायचा आणि सांगायचा: आजचा, कालचा, की बर्फातला. त्यावर अपील नसे. कोळणीही त्याला टरकून असत. माझी बायको शुभा मासे खात नाही, पण तीही एकदा खोबरेल तेलाची बाटली त्याच्या नाकाखाली धरून आली आणि तेवढ्या आधारावर वाण्याशी भांडली. वाण्याने मुकाट्याने बाटली बदलून दिली.

राऊळ मूळचा कुडाळकडचा. अठराव्या वर्षी मुंबईत आला, चोवीस वर्षं गिरणीत काढली आणि ब्याऐंशीच्या संपात इतरांसारखाच घरी बसला. संप मिटेल, मिटेल म्हणत वर्ष गेलं. मग कुणीतरी त्याला साकीनाक्याच्या पुढे श्यामसुंदर शेठच्या वखारीत नेऊन उभं केलं. ती पिंपांची वखार होती. आग्रा रोडवरच्या आणि आसपासच्या कारखान्यांतून रसायनांची रिकामी पिंपं शेठ लिलावात उचलायचा, धुवायचा आणि आमच्यासारख्यांना पाणी साठवायला विकायचा. नळाला पाणी सकाळी तासभर. ज्याच्या मोरीत पिंप नाही त्याच्या घरात रोज भांडण. कारखान्यांना रिकामं पिंप नको असायचं, आम्हाला भरलेलं हवं असायचं, आणि ह्या दोन गरजांच्या मध्ये राऊळ ब्रश घेऊन बसलेला असायचा.

मी त्याची वखार पाहिली आहे. पिंप आलं की पहिलं काम नाव घासायचं. तारेच्या ब्रशाने कंपनीचं नाव, मालाचं नाव, कवटी आणि हाडांचं चित्र, जे काही असेल ते सगळं साफ करायचं. शेठचा तसा हुकूम होता. गिऱ्हाईक कवटी बघून पिंप घेत नाही, आणि आपलं नाव गल्लीबोळात फिरलेलं कंपन्यांनाही नको असतं. मग सोडा, गरम पाणी आणि काथ्या. दोनदा, तीनदा. शेवटी राऊळ कमरेत वाकून डोकं पिंपात घालायचा आणि वास घ्यायचा. वास राहिला असेल तर ते पिंप डांबरवाल्याकडे जायचं. नसेल तर तो चुन्याच्या डब्यात तीन बोटं बुडवून पिंपाच्या पोटावर ओढायचा.

ही तीन बोटं त्याला कुणी सांगितली नव्हती. सुरुवातीला हातगाडीवाल्याने एकदा पिंपांची अदलाबदल केली आणि असल्फ्याची एक बाई रडत वखारीत आली. तिच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येत होता. तेव्हा राऊळने शेठला सांगितलं की मी ज्याचा वास घेतला त्याच्यावर माझी खूण असेल, खूण नसलेलं पिंप घरात जाता कामा नये. शेठला त्यात तोटा दिसेना. दोन वर्षांत घाटकोपर ते मरोळ लोक वखारीत येऊन तीन बोटांचंच पिंप मागू लागले. आमच्या मोरीतही तेच होतं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण ते टाळून ही गोष्ट सांगता येत नाही. माझं नाव शरच्चंद्र. मी मुलुंडच्या एका रंगांच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून होतो. कुठला ते लिहीत नाही. त्याची भीती अजून गेलेली नाही. दर तीन महिन्यांनी रिकाम्या पिंपांचा लिलाव व्हायचा आणि त्याचा कागद मी टाइप करायचो, तीन प्रतींत. त्यात एक ओळ असे: सदर पिंपे भंगार म्हणून, जशी आहेत तशी विकण्यात येत असून पाणी अथवा अन्न साठवण्यासाठी नाहीत. श्यामसुंदर शेठ त्याखाली सही करायचा. मी नऊ वर्षं ही ओळ टाइप केली आणि त्यातली शेवटची तीन-चार वर्षं संध्याकाळी घरी जाऊन तीन बोटांच्या पिंपातलं पाणी प्यायलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कागद ऑफिसात असतो, पिंप मोरीत असतं. शिकलेल्या माणसाला एवढं वेगळं ठेवता येतं.

शहाऐंशीच्या सुमाराला निळी प्लॅस्टिकची पिंपं येऊ लागली. हलकी, गंज नाही, बायका खूश. राऊळला ती आवडायची नाहीत. लोखंड धुतलं की सोडून देतं, हे पोटात धरून ठेवतं, असं म्हणायचा. पण त्याच सुमाराला तो दुसरंही काही म्हणू लागला होता. शेठने नवा सोडा आणलाय, झकास आहे, पूर्वी तीन धुण्यांत जायचा तो वास आता एका धुण्यात जातो. डांबरवाल्याकडे आता फारशी पिंपं जातच नाहीत. हे तो अभिमानाने सांगायचा, आणि मी बरं झालं म्हणायचो.

खरं तर आम्हाला कळायला हवं होतं. एकदा त्याने शिळा हलवा मासा ताजा म्हणून पास केला आणि खालच्या घरातली तिघं दोन दिवस संडासच्या रांगेत उभी होती. लोकांनी त्याची थट्टा केली, राऊळ म्हातारा झाला म्हणून. त्याची बायको राधा सांगायची की चुलीवर डाळ करपून कोळसा झाली आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. सर्दी आहे, असं तो म्हणायचा. बायका हळूहळू मासे घेऊन यायच्या बंद झाल्या. त्यालाही ते टोचत असावं. चार वर्षं रोज वीस-पंचवीस पिंपांत डोकं घालणाऱ्या माणसाच्या नाकाचं काय होत असेल, हा प्रश्न एवढ्या मोठ्या चाळीत कुणालाही पडला नाही. मी तर रसायनांच्या कारखान्यात होतो.

त्याला एकच मुलगी, विमला. सत्याऐंशीच्या माघात तिचं लग्न झालं. नवरा सहदेव टेम्पो चालवायचा, सरळ मुलगा. दोघांनी वाकोल्याला एक खोली घेतली आणि चैत्रात वेगळा संसार मांडला. मुलगी नव्या घरात जाताना बापाने हंडा-कळशी द्यायची, अशी त्यांच्याकडची रीत. राऊळने घरात जाहीर केलं की मुंबईत हंड्याने काय होणार, मी लेकीला पाण्याचं पिंप देणार. राधेला हे कमीपणाचं वाटलं. पण तो हट्टालाच पेटला. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला, पाण्याचे हाल चाललेले, आणि लेकीला पाण्यासाठी कुणाच्या दारात जावं लागू नये एवढंच त्याच्या मनात होतं.

वखारीतलं सगळ्यात नवं, एकही ओरखडा नसलेलं निळं पिंप त्याने निवडलं. एका धुण्यात वास जातो असं सांगणाऱ्या ह्या माणसाने ते पाच वेळा धुतलं. नाव घासलं ते इतकं की जागा बोटालाही लागेना. खूण करताना चुन्याऐवजी हळद घेतली. आणि त्याची आई उन्हाळ्यात रांजणात वाळा टाकायची, म्हणून वाळ्याची एक जुडी पांढऱ्या फडक्यात बांधून त्याने पिंपाच्या तळाशी ठेवली. हातगाडीवर पिंप घालून तो आमच्या दारावरून गेला तेव्हा मी पेपर वाचत होतो. वाकोल्यापर्यंत चालत निघालाय म्हणून मी हसलो. तोही हसला. म्हणाला, लग्नात घोडा नव्हता, आता ही वरात.

पुढचं मला कुंदाने सांगितलं. कुंदा ही विमलाची वाकोल्याची शेजारीण. पाचव्या-सहाव्या दिवशी ती विमलाला म्हणाली, तुझ्या पाण्याला मिठाईसारखा गोड वास येतोय गं. विमला म्हणाली, आबांनी वाळा घातलाय ना. कुंदा म्हणाली, वाळ्याचा वास असा नसतो. त्यावर विमला चिडली. माझ्या आबांचं नाक भटवाडीत जाऊन विचार, म्हणाली, त्यांनी पास केलेल्या पिंपाबद्दल मला कुणी शिकवू नका. ऊन वाढत होतं, आणि जसजसं पिंप तापत होतं तसतसा तो वासही वाढत होता. सहदेव दिवसभर बाहेर, चहा-पाणी नाक्यावर. त्याचं फक्त डोकं दुखायचं. विमला घरात तेच पाणी पीत होती, त्यातच जेवण शिजवत होती, त्यानेच अंघोळ करत होती.

एका गुरुवारी सकाळी ती नळावर चक्कर येऊन पडली. ओठ आणि नखं निळीजांभळी झाली होती. सहदेवने टेम्पोत घालून तिला मोठ्या इस्पितळात नेलं.

शुक्रवारी सकाळी राधा आमच्या दारात आली. म्हणाली, शरदभाऊ, तुमी शिकलेले आहात, डॉक्टर काय विचारतात ते ह्यांना समजत नाही, तुमी जावा. मी रजा टाकली आणि राऊळबरोबर गेलो. वॉर्डात अनुपमा नावाची तरुण डॉक्टर होती. रात्रभर जागलेली दिसत होती, पण नीट बोलत होती. रक्ताचा रंग चॉकलेटसारखा झालाय म्हणाली. कुठलंतरी रसायन पोटात किंवा अंगात जातंय. कुंदाने पाण्याचं सांगितलं होतं, म्हणून डॉक्टरने पिंपातलं पाणी मागवलं होतं. सहदेवने ते सरबताच्या बाटलीत आणलं होतं.

डॉक्टरने बूच काढलं आणि मान मागे घेतली. शेजारच्या नर्सने नाकाला रुमाल लावला. मलाही तो वास आला: गोड, कडवट, खवट बदामासारखा. मला तो वास ओळखीचा होता. आमच्या कारखान्याच्या तीन नंबरच्या शेडमागून जाताना रोज यायचा.

राऊळ आमच्या तोंडांकडे बघत होता. "वास येता काय?" त्याने विचारलं.

त्याने डॉक्टरच्या हातातून बाटली घेतली, नाकाशी धरली आणि श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग बाटली ठेवून शेजारच्या ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलला, तोही हुंगला. सावकाश परत ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहू इच्छित नाही.

"माका कायच येणा नाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "सोडो चांगलो नव्हतो, शरदभाऊ."

मला रडू आलं आणि त्याच वेळी माझ्या मोरीतल्या पिंपाची आठवण झाली. दोन्ही एकदमच. माणूस असाच असतो.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली की ह्या वासाची बरीच द्रव्यं आहेत. काहींवर उतारा आहे, पण चुकीच्या द्रव्यावर तोच उतारा दिला तर जीव जाईल. पाणी तपासायला पाठवलं आहे, त्याला आठवडा लागेल, एवढा वेळ नाही. "पिंपात काय होतं त्याचं नाव आणा," ती म्हणाली. "कंपनीत लेबलवर असतं, वहीत असतं, कुठेतरी असणारच. मला फक्त नाव हवंय. कुणाला पकडायचं नाहीये."

आम्ही रिक्षाने वखारीत गेलो. श्यामसुंदर शेठ वाईट माणूस नव्हता. विमलाच्या लग्नात येऊन जेवून गेला होता. त्याने राऊळला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि मग स्वतःच म्हणाला, पाणी नको, थंडा आणा. पिंपं आठ कारखान्यांतून येतात, ट्रकात एकत्र भरली जातात, कुठलं कुणाचं ते आपल्याला कसं कळणार, असं तो सांगत होता. राऊळने हात जोडले. शेठची मान खाली गेली.

"राऊळ, मी पिंप विकतो, पाणी नाही विकत," तो म्हणाला. "आणि नाव पिंपावरच असतं. ते तूच घासतोस."

राऊळ उठला आणि थेट वाकोल्याला गेला. मीही गेलो. विमलाच्या खोलीत त्याने पिंप आडवं केलं, पाणी सांडून दिलं, आणि उन्हात ओढून आणून नावाच्या जागेवर डोळा लावून बसला. तिरकं धरून पाहिलं, ओलं करून पाहिलं, कोळशाची पूड चोळून पाहिली. इतरांच्या पिंपांवर एखादं अक्षर राहून जायचं. माझ्या पिंपावर अजून एक अर्धा आकडा आहे. हे लेकीचं होतं, म्हणून त्याने जीव ओतून घासलं होतं. हळदीच्या तीन बोटांखेरीज त्या पिंपावर काही नव्हतं. कुंदा दारात उभी राहून रडत होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

राऊळ तिथून वॉर्ड ऑफिसात गेला. तिथल्या साहेबाने त्याचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की महापालिका नळापर्यंतच्या पाण्याला जबाबदार आहे, नळाचं पाणी शुद्ध आहे, पुढे ते कशात भरायचं हा नागरिकांचा प्रश्न. तेही खरंच होतं. त्या दोन दिवसांत आमच्याशी कुणीही खोटं बोललं नाही.

मी मुलुंडला गेलो. आमचे चंद्रप्रकाशसाहेब केमिस्ट होते, स्टोअर्स त्यांच्या हाताखाली. मी सगळं सांगितलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. पोरीचं वय विचारलं, च्च च्च केलं. मग म्हणाले की ह्या वासाचा माल ह्या रस्त्यावर निदान चार कारखाने वापरतात, पिंप आपलंच कशावरून? मी म्हणालो, आपलंच असं मी म्हणत नाही, नाव सांगितलं तर डॉक्टरला उपयोग होईल.

"शरद, नाव आपण सांगितलं की पिंप आपलं झालं," ते म्हणाले. "आणि पिंपं बाहेर जातात त्या गेटपासवर सही तुझी असते. मी हेड ऑफिसला विचारतो. सोमवारपर्यंत थांब."

मी माझ्या टेबलापाशी आलो. मालाची वही समोरच होती, माझ्याच अक्षरातली. बदामाच्या वासाचं आमच्याकडे जे जे येत होतं ते त्यात होतं. चार नावं. मी कोऱ्या गेटपासच्या पाठीवर ती उतरवून घेतली आणि चिठ्ठी पाकिटात ठेवली. त्यापुढे काही केलं नाही. गिरण्या बंद पडलेल्या, रस्त्यावरचे दोन कारखाने ठाणे-बेलापूरकडे निघून गेलेले, आमच्याकडे टाळेबंदीची कुजबुज चाललेली, आणि घरात दोन मुलं. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली, आजही देतो. ती सगळी खरी आहेत.

शनिवारी मी इस्पितळात गेलो तेव्हा चिठ्ठी पाकिटात होती. राऊळ वॉर्डाबाहेर जमिनीवर बसला होता. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, साहेबांनी सोमवारी सांगतो म्हटलंय. तो म्हणाला, सोमवार म्हणजे परवा. मी हो म्हणालो. आतून डॉक्टर अनुपमा बाहेर आली, तिनेही माझ्याकडे पाहिलं. मी मनाशी म्हणालो, तिला एक नाव हवंय, चार देऊन काय उपयोग, उलट गोंधळ व्हायचा. आणि ती आत निघून गेली.

रविवारी दुपारी विमला गेली.

अंत्यविधीला चाळ लोटली होती. परतताना कुणीतरी म्हणालं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. हळू म्हणालं, पण राऊळच्या कानावर गेलं. त्याने मान हलवली. कुणी आपल्याला नाव ठेवलं ह्याचं त्याला बरं वाटलं असावं असं मला तेव्हा वाटलं, कारण दोन दिवस सगळीकडे तो तेच विचारत फिरत होता, की हे कुणाचं.

सोमवारी हेड ऑफिसचं उत्तर आलं: याबाबत काही सांगता येणार नाही. तपासणीचा रिपोर्ट पुढे महिन्याने आला, त्यात द्रव्याचं नुसतं कुळ होतं, नाव नव्हतं. पोलिसांनी पिंपाचा पंचनामा केला. हवालदाराने लिहिलं: निळे पिंप एक, नाव अगर छाप नाही, ओळखीची खूण हळदीची तीन बोटे. त्यामुळे बोलावणं आलं ते राऊळला. चार वेळा आलं. शेठ एकदा जाऊन बसून आला. कुठल्याच कंपनीला कुणी बोलावलं नाही, कारण कागदावर कंपनी कुठे नव्हतीच. शेवटी त्यांनी अपघात म्हणून कागद मिटवला.

विमलाचे कागद आणायला सहदेवबरोबर मी इस्पितळात गेलो होतो. डॉक्टर अनुपमा भेटली. मला राहवलं नाही. मी विचारलं, समजा नक्की एक नाव नसतं, चार नावं असती, तर?

"चार?" ती म्हणाली. "चार खूप थोडी झाली. चारांतून मला शोधता आलं असतं. निदान काय द्यायचं नाही ते तरी कळलं असतं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "पण ती वाचलीच असती असं मी नाही म्हणत."

हे शेवटचं वाक्य मी जपून ठेवलं आहे. पाकिटातल्या चिठ्ठीशेजारी.

राऊळ पुन्हा वखारीत गेला नाही. शेठने दुसरा माणूस ठेवला. तो वास घेत नाही, पण तीन बोटं ओढतो, कारण गिऱ्हाईक तीन बोटांशिवाय पिंप उचलत नाही. त्याची बोटं जाड आहेत, पट्टे रुंद येतात. एवढाच फरक. मी शेठला एकदा विचारलंही. तो म्हणाला, लोकांना हवंय, मी काय करू?

राऊळने मग एक नवंच काम काढलं. ओलं फडकं घेऊन तो घरोघर फिरायचा आणि पिंपांवरची आपली बोटं पुसायचा. दाराशी उभं राहून सांगायचा की माझं नाक गेलंय, दीड-दोन वर्षांपूर्वीच गेलंय, ही खूण धरू नका. काही बायका त्याला बसवून चहा द्यायच्या. काही दार लावून घ्यायच्या. असल्फ्याच्या एका बाईने विचारलं, बाबा, पुसा, पण मग पाणी कशात भरू ते सांगा. तो, म्हणे, न पुसताच परत आला. ती बाई पूर्वी एकदा वखारीत रडत आलेलीच होती का, ते मला माहीत नाही.

आमच्याकडे तो दसऱ्याच्या आसपास एका सकाळी आला. शुभाने त्याला मोरीत जाऊ दिलं. ती म्हणाली, राऊळ, राहू दे ना, ती बोटं होती म्हणून तर घेतलं. त्याने फडकं पिळलं आणि उकिडवं बसून पुसायला लागला. जुना चुना लवकर जात नव्हता. मी दारात उभा होतो.

पुसता पुसता, मागे न बघता त्याने विचारलं, "शरदभाऊ, तुमच्या कंपनीचा होता काय ता?"

पाकीट माझ्या खिशात होतं. "ठाऊक नाही," मी म्हणालो.

"खरा," तो म्हणाला. "तुमका ठावक असता, तर तुमी सांगितलाच असता."

तो उठला, फडकं बादलीत धुतलं, पिळून खांद्यावर टाकलं आणि शेजारच्या दारात गेला. शुभा चहा ठेवत होती, तो घ्यायला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पाणी आलं. शुभाने पिंप भरायला नळी लावली आणि मग हात थांबवून मला म्हणाली, जरा वास घेऊन बघता का? मी वाकलो, डोकं आत घातलं आणि श्वास ओढला. नाही येत, असं मी सांगितलं. तिने नळ सोडला.